पायप चिऱ्यात जाता

देवगडला आमच्या घरामागे जी बाव, म्हणजे विहीर, आहे ती लांबून बघितली तर कंपासने काढल्यासारखी गोल दिसते. कठड्यावरून वाकून बघितलं की लक्षात येतं, तिच्यात गोल असं काहीच नाही. जांभ्याचे सरळ चिरे आहेत. प्रत्येक चिरा मागच्याशी किंचित कोन करून बसवलाय आणि असं करत करत शेवटचा पहिल्याला येऊन मिळालाय. दोन वर्षांपूर्वी पंपाचा पाइप बाहेर काढायला त्या भिंतीत भोक पाडायचं होतं. मी हौसेने कागद-पेन्सिल घेऊन बसलो: बावेची त्रिज्या इतकी, पाइपाची इतकी, तर वळणावर भोकाची कड कुठे येईल? गवंड्याने कागदाकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "गोल खंय हा? ह्यो चिरो, ह्यो चिरो, ह्यो चिरो. पायप चिऱ्यात जाता."

मी तेव्हा हसून सोडून दिलं. या मे महिन्यात भाच्याने मला तेच वाक्य पुन्हा आठवायला लावलं.

भाचा नववीत आहे, आणि त्याला किल्ल्यावरचं दीपगृह लेगोच्या विटांत उभं करायचं होतं. खऱ्या विटांत नाही, कॉम्प्युटरवर. त्यासाठी तो एलड्रॉ वापरतो. हे प्रकरण जुनं आहे. जेम्स जेसिमन नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने १९९५ मध्ये डॉसवर चालणारा हा प्रोग्रॅम लिहिला. १९९७ मध्ये तो फार लवकर गेला, पण त्याने ठरवलेली फाइलची पद्धत आजही तशीच चालते आणि जगभरची हौशी मंडळी एकेक वीट मोजून तिची फाइल बनवतात. भाच्याला हवी असलेली वीट आम्हीच कल्पिली: दोन बाय दोनची गोल वीट, आणि तिच्या कुशीला बाहेर आलेला एक स्टड, म्हणजे विटेच्या डोक्यावर असतं तसलं बटण. त्या बटणावर दीपगृहाचा सज्जा अडकवायचा. "मामा, गोल विटेला गोल बटण लावायचं, दहा मिनिटांचं काम," असं तो म्हणाला. आम्हाला चार दिवस लागले.

आधी मापं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. एलड्रॉचं एकक म्हणजे एलडीयू, आणि १ एलडीयू म्हणजे ०.४ मिलिमीटर. एका स्टडच्या विटेची रुंदी २० एककं, म्हणजे ८ मिलिमीटर. उंची २४ एककं, म्हणजे ९.६ मिलिमीटर. स्टडची त्रिज्या ६ आणि उंची ४. आमची गोल वीट दोन स्टड रुंद, म्हणजे व्यास ४० आणि त्रिज्या २०. एक गंमत नवख्यांना हमखास फसवते: इथे उभं माप वरून खाली वाढतं. वर जायचं तर उणे. दोरी सोडून बावेतलं पाणी मोजतो तसं समजलं की डोकं फिरत नाही.

फाइल म्हणजे नुसता मजकूर. नोटपॅडमध्ये उघडा, आकड्यांच्या ओळी दिसतील. ओळीचा पहिला आकडा तिची जात सांगतो. २ असेल तर साधी रेघ, ३ असेल तर त्रिकोण, ४ असेल तर चौकोन. १ म्हणजे दुसरी एखादी फाइल इथे आणून ठेव. ५ जरा विचित्र आहे, त्याच्याकडे नंतर येतो. ० म्हणजे शेरा किंवा सूचना. बस, एवढंच. या यादीत वर्तुळ नाही आणि नळकांडंही नाही. वक्र म्हणून काहीच नाही! जे आहे ते सपाट.

मग गोल वीट गोल दिसते कशी? आमची बाव दिसते तशीच. एलड्रॉचं नेहमीचं वर्तुळ १६ बाजूंचं असतं. नळकांडं म्हणजे गोलाकार उभ्या केलेल्या १६ फळ्या. हे १६ फळ्यांचं नळकांडं कुणीतरी एकदाच बनवून ठेवलंय, त्रिज्या १ आणि उंची १ अशा मापाचं. अशा तयार मूळ आकारांना प्रिमिटिव्ह म्हणतात. आपण जात १ ची ओळ लिहून ते बोलवायचं आणि सोबतच्या बारा आकड्यांनी सांगायचं, की कुठे ठेव, किती ताण, कुठे वळव. त्रिज्या २० हवी तर आडवं वीसपट ताण. बारीक काम हवं असेल तर ४८ बाजूंचे प्रिमिटिव्हही वेगळ्या फोल्डरात ठेवलेले आहेत.

भाच्याने पहिला प्रयत्न सरळ केला. मोठं नळकांडं बोलावलं, कुशीला लहान नळकांडं आडवं बोलावलं आणि आत ढकलून दिलं, पेरूत काडी खुपसावी तसं. लाल रंगात ते छानच दिसलं. मी म्हटलं, आता रंग पारदर्शक कर. केला, आणि विटेच्या पोटात घुसलेला स्टडचा बुंधा स्वच्छ दिसायला लागला. शिवाय जिथे स्टड भिंतीला टेकतो तिथे काळी कडेची रेघ हवी होती, ती नव्हतीच. एलड्रॉमध्ये कडा आपोआप उमटत नाहीत. प्रत्येक कड जात २ च्या ओळीने आपणच लिहायची असते. आणि ती लिहायची तर स्टड भिंतीला नेमका कुठे भेटतो हे माहीत हवं. लपवाछपवी इथे संपते आणि भूमिती सुरू होते.

शेवग्याची शेंग आडवी कापली तर काप गोल पडतो, तिरकी कापली तर लांबट. नळकांडं सपाट पृष्ठभागाला सरळ भेटलं तर कड वर्तुळ, तिरकं भेटलं तर लंबवर्तुळ. पण नळकांडं दुसऱ्या नळकांड्याला आडवं भेटलं, की कड घोड्याच्या खोगिरासारखी होते: दोन बाजूंना खाली वाकलेली, दोन बाजूंना वर राहिलेली. घरातली तोटीची झारी बघा. तोटी जिथे पोटाला डाखलेली असते तिथला सांधा एका पातळीत नसतो. प्लंबरला पाइपाच्या कुशीत पाइप बसवायचा झाला, तर टोक माशाच्या तोंडासारखं कापावं लागतं, तेही याच कारणाने.

याचं सूत्र पायथागोरसपेक्षा अवघड नाही. स्टडच्या मध्यापासून बाजूला जितकं सरकाल त्याचा वर्ग विटेच्या त्रिज्येच्या वर्गातून वजा करा आणि वर्गमूळ काढा. ते विटेच्या मधल्या उभ्या अक्षापासून स्टडच्या दिशेने मोजलेलं अंतर. मध्यावर सरकणं शून्य, म्हणून अंतर २०. स्टडच्या टोकाला सरकणं ६, म्हणून ४०० वजा ३६, म्हणजे ३६४, आणि वर्गमूळ १९.०७९. म्हणजे कड मध्यापेक्षा ०.९२ एककं आत गेली. मी भाच्याला हे शिकवलं, त्याने स्टडच्या सोळाही कोपऱ्यांचे आकडे काढले, स्टडच्या भिंती तिथपर्यंत आणून टेकवल्या, मोठी भिंत मात्र प्रिमिटिव्हचीच ठेवली. आम्ही मोठं करून बघितलं. स्टड हवेत. भिंत आणि स्टड यांच्यामध्ये चंद्रकोरीसारखी फट, दोन्ही बाजूंना.

तो म्हणाला, "मामा, तुझं सूत्र चुकलं."

सूत्र बरोबर होतं. माझं चुकलं, आणि चुकलं ते बावेच्या कठड्यावर बसून चुकलो होतो तसंच. सूत्र खऱ्या गोलाचं होतं, आणि समोर गोल नव्हताच, सोळा चिरे होते. स्टडला भेटायचं होतं चिऱ्याला.

चिऱ्याचा हिशेब असा. प्रिमिटिव्हच्या वर्तुळाचा पहिला कोपरा बरोबर समोर येतो, त्यामुळे आमच्या स्टडचा मध्य दोन फळ्यांच्या मधल्या धारेवर आला. तिथे अक्षापासूनचं अंतर पूर्ण २०. पुढचा कोपरा २२.५ अंशांवर: बाजूला ७.६५४ आणि अक्षापासून १८.४७८. या दोन कोपऱ्यांमध्ये भिंत सरळ आहे, वाकलेली नाही. म्हणजे बाजूला एक एकक सरकलं की भिंत ०.१९८९ ने आत जाते, कायम त्याच उताराने. स्टडच्या टोकाला, ६ वर, भिंत १८.८०७ ला आहे. माझं सूत्र म्हणत होतं १९.०७९. फरक ०.२७. त्याहून वाईट जागा म्हणजे स्टडचा ४.२४३ वरचा कोपरा: भिंत १९.१५६ ला, सूत्र १९.५४५ ला, फरक ०.३९. मिलिमीटरमध्ये हे जेमतेम ०.१६ भरेल, पण स्टडची सगळी उंचीच ४ एककं. तिच्या दहाव्या भागाची फट लपत नाही.

मला विचाराल तर या सगळ्या विषयाची मेख एवढीच आहे. वक्रावर काही बसवायचं असलं की माणूस आधी खऱ्या वक्राचं गणित उघडतो, आणि मी बघितलेल्या नवख्या फाइलींमधल्या बऱ्याच फटी त्यामुळेच आलेल्या असतात. एकदा चिरा डोळ्यांपुढे आला की उलट काम सोपं होतं. वर्गमुळाची गरजच राहत नाही, गुणाकार पुरतो. कारण प्रत्येक फळी सपाट, आणि सपाटाला नळकांडं तिरकं भेटलं की शेवग्याच्या तिरक्या कापासारखं अर्धं लंबवर्तुळ. डाव्या फळीवर एक अर्धं, उजव्या फळीवर दुसरं, आणि दोन्ही मधल्या धारेवर जुळतात. जुळतात तेही स्टडच्या कोपऱ्यांवरच, कारण स्टडच्या सोळा कोपऱ्यांपैकी दोन बरोबर त्या धारेवर येतात.

आता खरी युक्ती. प्रिमिटिव्ह बोलावताना जे बारा आकडे देतो, त्यांतले तीन जागा सांगतात आणि नऊ ताण-वळण. त्या नऊंत ताणायची सोय आहे तशी तिरकं सरकवायचीही आहे: बाजूला जितकं जाशील त्याच्या ०.१९८९ पट आत जा. पत्त्यांचा जोड टेबलावर ठेवून हाताने एका बाजूला ढकलला की प्रत्येक पत्ता थोडा थोडा सरकतो, तसं. म्हणजे अर्ध्या वर्तुळाच्या कडेचं तयार प्रिमिटिव्ह घ्या, सहापट ताणा, या उताराने ढकला. कड फळीवर चपखल बसते. उजवीकडे एक, डावीकडे आरशातलं दुसरं. सोळा रेघा हाताने लिहायच्या त्याऐवजी दोन ओळी.

मोठ्या भिंतीला पाडायच्या भोकाचंही तसंच. वर्तुळाभोवतीच्या चौकोनातून वर्तुळ वगळून उरलेले कोपरे भरणारं एक प्रिमिटिव्ह असतं, भाकरी कापून घेतल्यावर परातीत उरलेल्या पिठासारखं. त्याचे पाव तुकडे घेऊन, त्याच उताराने ढकलून, भोकाच्या चारही कोपऱ्यांत बसवायचे. मग फळीचा वरचा, खालचा आणि बाजूचा उरलेला भाग साध्या चौकोनांनी भरायचा. भाच्याने हे स्वतः जमवलं तेव्हा चहा घेतला नाही, थेट आंबा मागितला.

स्टडच्या स्वतःच्या भिंतीला मात्र ही युक्ती लावू नये. नळकांडं ढकललं तर दोन्ही टोकं तिरकी होतात, आणि आपल्याला बाहेरचं टोक सपाट हवं, २४ वर. तिथे सोळा चौकोन हाताने लिहिले. एक दिलासा असा, की स्टडच्या भिंतीची प्रत्येक पट्टी दोन समांतर रेघांमध्ये असते, म्हणून तिचं बूड कितीही तिरकं कापलं तरी ती सपाटच राहते. एलड्रॉमध्ये चौकोनाचे चारही कोपरे एका पातळीत असणं सक्तीचं आहे. अंगणातल्या डुगडुगणाऱ्या बाकासारखा एक कोपरा वर राहिला, तर तो चौकोन नाकारला जातो.

आता ती जात ५ ची ओळ. कळशी हातात धरून फिरवा. तिच्या दोन बाजूंना जी कडेची रेघ दिसते ती कळशीवर कुठेही कोरलेली नाही. तुम्ही हललात की रेघही हलते. नळकांड्याच्या फळ्यांमधल्या धारा तशाच दिसायला हव्यात: बाह्यरेषेवर आल्या तर दिसाव्यात, समोर आल्या तर गायब व्हाव्यात. नाहीतर स्टडवर पिंपाच्या फळ्यांसारखे उभे पट्टे दिसतील. म्हणून जात ५ च्या ओळीत रेघेची दोन टोकं आणि वर दोन साक्षीदार बिंदू देतात, शेजारच्या दोन पट्ट्यांवरचा एकेक. पडद्यावर दोन्ही साक्षीदार रेघेच्या एकाच बाजूला पडले तर रेघ काढायची, दोन बाजूंना पडले तर नाही. प्रिमिटिव्हमध्ये हे आयतं मिळतं. हाताने लिहिलेल्या सोळा पट्ट्यांना सोळा ओळी आपण लिहायच्या. सगळ्यात कंटाळवाणा भाग हाच. यासाठी छोटी साधनं मिळतात, पण पहिल्यांदा हाताने करावं असं माझं मत. भाच्याचं मत वेगळं होतं.

"मग ४८ बाजूंचं वर्तुळ घेऊया ना, जास्त गोल दिसेल," हा त्याचा पुढचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. १६ बाजूंच्या आमच्या विटेत फळीचा मध्य खऱ्या गोलापासून ०.३८ एककं आत असतो. ४८ बाजू घेतल्या तर फक्त ०.०४३. तिप्पट फळ्या, नऊपट कमी चूक. पण किंमत बघा. ४८ मध्ये फळ्यांच्या धारा मध्यापासून २.६११ आणि ५.१७६ वर येतात. स्टडचे कोपरे आहेत २.२९६, ४.२४३, ५.५४३ आणि ६ वर. एकही जुळत नाही! प्रत्येक धार स्टडच्या एखाद्या पट्टीच्या मध्येच कुठेतरी खालून जाते, आणि तिथे पट्टीचं बूड मोडतं. डाव्या-उजव्या मिळून चार धारा, प्रत्येक दोन ठिकाणी छेदणार, म्हणजे आठ नवे बिंदू. सोळाच्या कडेचे झाले चोवीस. काही पट्ट्या चौकोन न राहता पंचकोन झाल्या, आणि पंचकोन लिहायची जातच नाही, म्हणून त्या पुन्हा फोडायच्या. ढकलण्याची युक्तीही गेली, कारण एका अर्ध्या वर्तुळाखाली आता तीन वेगवेगळे उतार आहेत.

हे आठ बिंदू गाळले तर? बरेच जण गाळतात. मग एका पट्टीची लांब कड आणि तिला टेकलेल्या दोन तुकड्यांच्या आखूड कडा अशी स्थिती येते, जिथे आखूड कडांचा मधला बिंदू लांब कडेवर नुसता टेकून असतो, तिचा कोपरा नसतो. कागदावर फरक नाही. पडद्यावर आकडे गोळाबेरीज होऊन येतात आणि तो बिंदू केसभर इकडेतिकडे होतो, मग तिथून मागचा उजेड ठिणग्यांसारखा चमकतो. याच कारणाने एकच बिंदू दोन ओळींत लिहिताना एकीकडे १८.८०७ आणि दुसरीकडे १८.८१ असं करू नये. कौलारू घरात राहणाऱ्याला पहिल्या पावसात कळतं तेच: एक कौल बोटभर सरकलं असलं तरी पाणी नेमकं तिथूनच आत येतं.

आम्ही १६ वरच थांबलो. आणखी एक कारण होतं. ही वीट दुसऱ्या गोल विटांवर रचायची आहे. खालची १६ बाजूंची आणि वरची ४८ बाजूंची असली, तर वरची प्रत्येक फळीच्या मध्यावर ०.३४ ने बाहेर डोकावेल. दीपगृहाला उगाच कंगोरे दिसतील.

इथे एक अडचण उरते, ती प्रामाणिकपणे सांगतो, कारण तिच्यावर शंभर टक्के तोडगा नाही. एलडीव्ह्यूसारखे काही बघायचे प्रोग्रॅम हुशार असतात. त्यांना प्रिमिटिव्ह ओळखता येतं, आणि सोळा बाजूंच्या जागी ते स्वतःच जास्त बाजूंचं गुळगुळीत नळकांडं दाखवतात. आमच्या विटेत सोळापैकी चौदा फळ्या प्रिमिटिव्हच्या आहेत, आणि स्टडभोवतीच्या दोन हाताने केलेल्या. प्रोग्रॅम चौदा गुळगुळीत करतो आणि दोन तशाच सपाट ठेवतो. वीट गोल, आणि स्टडच्या आजूबाजूला कुणी रंधा मारल्यासारखं सपाट. ती सोय बंद केली की सगळं पुन्हा जुळतं. पण बघणारा ती बंद करेलच असं नाही. फाइल बनवताना फट नसणं महत्त्वाचं की गुळगुळीतपणा, हे ठरवावं लागतं. मी फट नसण्याच्या बाजूने आहे.

शेवटची तपासणी आम्ही संध्याकाळी वीज आल्यावर केली. वीट पारदर्शक केली: पोटात काही घुसलेलं नाही. प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यांचा क्रम बाहेरून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने आहे ना, ते बघितलं. क्रम उलटा असला की प्रोग्रॅम समजतो ही भिंतीची आतली बाजू, आणि ती दाखवतच नाही. स्टडच्या एका पट्टीतून पलीकडचं दिसत होतं. दोन बिंदूंची अदलाबदल केली, भिंत परत आली.

आता भाच्याला घुमटावर बत्तीचा दांडा हवाय. मी त्याला म्हटलं, हे सोपं. गोळ्याच्या मध्यातून जाणारा दांडा गोळ्याला सपाट वर्तुळातच भेटतो, खोगीर नाही, काही नाही. त्रिज्या २० आणि ६ असल्या तर कड सगळीकडे मध्यापासून १९.०७९ उंचीवर. बोलून झाल्यावर माझं मलाच आठवलं, की घुमटही चिऱ्यांचाच आहे. घुमट सोळा-सोळा चिऱ्यांच्या कड्यांनी रचलेला असेल आणि दांडा बरोबर माथ्यावर असेल, तर चिऱ्यांची कडी आणि दांड्याचे सोळा कोपरे एका रांगेत येतात आणि नवा बिंदू लागत नाही. फक्त कडीची उंची चिऱ्याच्या उतारावरून काढायची, सूत्रावरून नाही. भाच्याला मात्र दांडा माथ्यावर नको, समुद्राच्या बाजूला कललेला हवाय. त्या दांड्याखाली किती चिरे येतात, ते तो कालपासून मोजतोय.